हद्दीवर सहा वाजत नाहीत

संध्याकाळ झाली हे तुम्हाला कोण सांगतं? घड्याळ? मोबाईल? बरं. मग ते घड्याळ एखाद्या दिवशी घरात बोललं आणि कुंपणापाशी गप्प राहिलं, आणि तेवढ्यावरून तुमचं पोर गेलं, तर गचांडी कोणाची धराल?

उत्तराची घाई नको. आधी ऐका.

आमच्याकडे सहा वाजले हे एक किडा सांगतो. साबा राज्याच्या आतल्या भागात, नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या आम्हा दुसुन लोकांची पोरं शाळेत घड्याळ शिकतात ती नंतर. आधी हा किडा. हाताच्या पंजाएवढा, पंख काचेसारखे, उंच झाडाच्या खोडाला चिकटून बसतो. दिवसभर रानात शंभर जातींचे किडे किरकिरत असतात, त्यांना कोणी विचारत नाही. हा मात्र दिवस कलला की आधी घसा खाकरतो आणि मग रेड्याचं शिंग फुंकावं तसा ओरडतो. वीस मिनिटं. त्याचं संपलं की अंधार.

त्याने तोंड उघडलं की रानात कोणी कोणाला नावाने हाक मारायची नाही. रोगोन, म्हणजे रानातली ती मंडळी, त्याच वेळी उठतात. नाव ऐकलं की उचलतात, आणि तुमच्याच आवाजात तुमच्याच पोराला बोलावतात. म्हणून किड्यानंतर कोणाला बोलवायचं तर मोठ्या झाडाची मुळं जमिनीतून फळीसारखी वर आलेली असतात, त्यांवर कोयत्याच्या पाठीने तीन ठोके. ढोलासारखा नाद जातो. रोगोनला ठोके देता येत नाहीत. त्याला फक्त आवाज चोरता येतो. पोर चालायला लागलं की आमच्या आया त्याच्याकडून हे घोकून घेतात.

"किडा ओरडला. कोणीतरी तुझं नाव घेतलं. काय करायचं?"

"ओ द्यायची नाही."

"मग?"

"पाठ फिरवायची. लांब जायचं."

"आणि आईचाच आवाज असला तर?"

"तर पळायचं."

ही गोष्ट रुसियाची आहे. आम्ही तिला इना रुसिया म्हणतो. इना म्हणजे आई, पण गावातल्या त्या वयाच्या कुठल्याही बाईला आम्ही तशीच हाक मारतो. तिच्या धाकटीचं नाव मात्र मी लिहिणार नाही. तुम्ही हे किती वाजता वाचताय, मला माहीत नाही.

रुसिया बुटकी, रुंद पावलांची, आणि जिभेला धार अशी की कोयत्याने लाजावं. गुरुवारच्या बाजारात ती बांबांगानचं लोणचं विकायची. हा आमचा रानआंबा. कोणी विचारलं, "इना, फार आंबट नाही ना?" की ती म्हणायची, "तुझ्या नवऱ्याच्या तोंडापेक्षा कमीच. घे." नवरा गाम्पात, थोरली मुलगी लग्न करून लांब केनिंगावला, आणि ही धाकटी, अकरा वर्षांची. मी तेव्हा बारा वर्षांची होते. आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो.

त्याआधी पाच वर्षं इस्टेट आली होती, तेलासाठी पाम लावणारी कंपनी. नाव लिहून तिची जाहिरात करणार नाही. नदीपासून वरपर्यंत रान कापलं, पाम लावले, आणि मधून लाल मातीचा रस्ता काढला. रस्त्याच्या डावीकडे पाम, उजवीकडे आमचं उरलेलं रान. ही हद्द. कागदावर ती एक रेघ आहे, आणि कागद लिहिणाऱ्यांना वाटतं की रेघेपर्यंत रान असतं. अहो, नसतं! रेघेवरून ऊन आत शिरतं, वारा शिरतो, माती वाळून भुगा होते, आणि रान आतल्या आत मागे सरतं. झाडं उभीच दिसतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, आहे की सगळं जागच्या जागी.

हे सगळ्यात आधी रुसियाने पाहिलं. तिच्याकडे शाळा नव्हती, पण डोळे होते. सहाच्या किड्याची पिल्लं वर्षानुवर्षं जमिनीत असतात, मुळं चोखत. रान कापलं तेव्हा ती खालीच होती. पहिल्या दोन-तीन वर्षांत ती आपापल्या वेळेला वर आली, आणि वर येऊन पाहतात तो झाडच नाही. जे मिळालं त्यावर चढली, पामवर. तिथेच कात टाकली. पामच्या खोडावर त्या रिकाम्या काती ओळीने चिकटलेल्या असायच्या, पाठ उलून, सहा पायांनी गच्च धरून. रुसिया गळालेली पामफळं वेचायला जायची तेव्हा तेवढ्यासाठी थांबायची.

"घर विचारत आलेत बिचारे," ती म्हणायची.

माझी आई म्हणायची, "तू फळं वेच. किड्यांची जनगणना नको करूस."

पाचव्या वर्षी काती दिसेनात. रुसियाने तेही सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

त्याच वर्षीची ती संध्याकाळ. रुसिया रस्त्याकडेच्या पामखाली फळं वेचत होती आणि धाकटी समोरच्या रानात भाजीसाठी नेच्याचे कोंब खुडायला गेली होती. रस्ता, मग हत्ती अडवायला खणलेला चर, मग सपाट रान, मग एक टेकाड. पोर रोजची जाणारी. रुसिया किड्याची वाट बघत होती. तो खाकरला की पोती बांधायची, हे ठरलेलं. किडा काही बोलेना. आणि उजेडही होता. रानात अंधार वरून पडतो, पण रस्ता रुंद, वर आभाळ मोकळं, त्यामुळे हद्दीवर उजेड मागे रेंगाळतो, पाहुणा उंबऱ्यात रेंगाळतो तसा. तिला वाटलं, अजून वेळ आहे.

पोतं भरलं, तरी पोर येईना. अजून सहा झाले नाहीत या भरवशावर तिने नावाने हाक मारली. चर ओलांडून टेकाडाच्या पायथ्याशी जाऊन आणखी दोनदा मारली. ओ आली नाही. वर कुठेतरी काटक्या मोडल्या आणि तो आवाज पलीकडे उतरत गेला. तिला वाटलं, सांबर असेल.

मग एकदम अंधार झाला. किडा ओरडलाच नाही आणि अंधार झाला.

सगळं गाव सात दिवस शोधत होतं. पाचव्या दिवशी टेकाडाच्या माथ्यावर टोपली सापडली. एका झाडाला नीट टेकवून ठेवलेली, कोंबांवर पान झाकलेलं. बाकी काही नाही. पलीकडे उतार आहे, दलदल आहे, नदी आहे. नदीत काय आहे ते आम्हाला माहीत आहे.

आता गावाचं ऐका. गाव नदीकाठी, जुन्या झाडांत. तिथे त्या संध्याकाळी किडा रोजच्यासारखा ओरडला होता. सगळ्यांनी ऐकला होता. मी ऐकला होता. आणि रुसिया शपथेवर सांगत होती की किडा ओरडला नाही, मी त्याच्या आधीच हाक मारली.

गावप्रमुख लोजुंगिन शांत माणूस. तो म्हणाला, "रुसिया, माणूस घाबरला की कान बंद होतात. तू नंतर हाक मारलीस. सोगित दे आणि मोकळी हो."

सोगित म्हणजे गाव थंड करायला द्यायचं ते. चूक कोणाची का असेना, तिची धग सगळ्या गावाला लागते. लहान चुकीला कोंबडी, मोठीला डुक्कर. कापायचं, सगळ्यांनी खायचं, विषय संपला. दिलं की कोणी पुन्हा तोंडावर बोलत नाही. चांगली रीत आहे. माझा तिच्यावर राग नाही.

रुसिया म्हणाली, "नाही देत."

गाम्पात म्हणाला, "अगं, एक डुक्कर आहे. देऊन टाकू. मला झोपायचंय."

"ज्या दिवशी डुक्कर देईन त्या दिवशी मी खोटी ठरेन. किडा ओरडला नव्हता. माझं पोर गेलं, आता माझा शब्दही नेता?"

गाम्पात सहा महिन्यांनी लाकडाच्या कामाला गेला तो तिकडचाच झाला. रुसिया गावाच्या टोकाच्या घरात एकटी राहिली, बावीस वर्षं. कोंबड्या मेल्या की लोक तिच्या घराकडे बघायचे. भात करपला की बघायचे. देणं राहिलंय ना, धग आहे. आम्ही पोरं तिच्या पायऱ्यांखालून जाताना किड्यासारखे ओरडायचो आणि पळायचो. ओरडण्यात मी पुढे होते. बारा वर्षांची होते, हे काही कारण नाही.

बावीस वर्षांत ती रोज संध्याकाळी हद्दीवर जायची. काय करायची तिथे? उभी राहायची. ऐकायची.

मधल्या काळात मी सहावीतून शाळा सोडली, बाजारात भाजी विकली, आणि जमिनीच्या कचेरीत कारकुनांशी भांडून भांडून अर्ज लिहायला शिकले. नदीकाठचा पट्टा इस्टेटीने गिळू नये म्हणून जे काही झालं त्यात मी होते. लोक म्हणतात जोस्लिनचं डोकं तापलेलं असतं. असतं. थंड डोक्याने आमच्याकडे कोणाला काही मिळालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी शहरातल्या विद्यापीठातून मेल्विना नावाची एक मुलगी आली. तिला हद्दीवरचे किडे मोजायचे होते: पामच्या कडेला किती, आत गेलं की किती, कुठले जातात, कुठले येतात. वाट दाखवायला माणूस हवा होता. मी तिला रुसियाकडे नेलं; हद्द तिच्याइतकी कोणाला माहीत?

"आंटी, सोपं काम आहे," मेल्विना म्हणाली. "जमिनीत पेले पुरायचे, काठ मातीच्या बरोबरीला. दोन दिवसांनी काढायचे."

"पेल्यात काय, कॉफी?"

"साबणाचं पाणी."

"म्हणजे आधी अंघोळ घालायची आणि मग मोजायचे."

शेणकिड्यांच्या पेल्यांवर आमिष टांगावं लागतं. ते काय असतं हे मी सांगत नाही. रुसिया सांगायची, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात: "पासष्ट वर्षांत माझं हे कोणी पगार देऊन मागितलं नव्हतं!"

रस्त्यापासून पेल्यांची ओळ आत जायची. पहिला रस्त्याच्या कडेला, दुसरा पन्नास मीटरवर, मग शंभर, मग टेकाडाचा पायथा, आणि शेवटचा माथ्यावर. मेल्विना कधी पायथ्याशीच थकायची; रुसिया माथ्यावर एकटी जायची आणि वेळ लावून परतायची. पेले उपसले की दोघी माझ्या ओट्यावर पांढऱ्या ताटलीत किडे पसरायच्या. रस्त्यावरचा पेला काठोकाठ भरलेला असायचा, पण सगळ्या त्याच पिवळ्या मुंग्या, आणि पाममध्ये असतात तेच दोन-चार भुंगेरे. आत जावं तसे किडे संख्येने कमी, पण जाती जास्त. माथ्यावरच्या पेल्यात प्रत्येक जण वेगळा: एक निळा, एक शिंगवाला, एक नखाएवढा, एक अंगठ्याएवढा.

रुसियाने रस्त्याच्या ताटलीवर बोट फिरवलं. "गर्दी आहे गं हद्दीवर," ती म्हणाली. "पण ओळखीचं कोणी नाही."

मेल्विनाने ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

मग आले कान. रुसियानेच ते नाव ठेवलं. आवाज टिपणारे छोटे डबे, पाच पेल्यांपाशी पाच झाडांना बांधलेले. दिवसभरचं सगळं ऐकून ठेवायचे. मेल्विना ते आपल्या संगणकावर लावायची आणि कुठला किडा कुठे बोलतो ते टिपायची.

पहिल्याच आठवड्यात रुसिया म्हणाली, "मला ऐकव."

"माथ्यावरचं लावू? तिथे किती आवाज आहेत बघा, आंटी..."

"रस्त्यावरचं लाव. संध्याकाळचं."

"त्यात काही नाहीये. पामची पानं घासतात, बस."

"मला माहितीये. लाव."

त्या दिवसापासून ती रोज ऐकायची. कानांवर ऐकायची काळी टोपणं, डोळे मिटलेले, हात मांडीवर. सहा ते साडेसहा, हद्दीवरचा अर्धा तास. नवी ध्वनिमुद्रणं संपली की जुनी पुन्हा. मेल्विना मला बाजूला घेऊन म्हणाली, "अका," म्हणजे ताई, "ही नक्की काय शोधतेय?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय, तुझं काम होतंय ना?" मला माहीत होतं, म्हणून खेकसले.

एकदा मी तिच्या कानावरचं काढून माझ्या कानाला लावलं. करकर, सरसर. रिकाम्या रांजणाला कान लावल्यावर येतो तसा एक घुमारा. रुसियाने बोट वर केलं. त्या क्षणी नेमकं काय होतं तेवढं तिला पाठ होतं.

"हे."

"काय?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "बघ ना. काहीच नाही."

वर्षाने मेल्विनाने काम लिहून काढलं. तीन पानं माझ्या हाती पडली, आणि दुसऱ्या पानावर मी थांबले. सहाचा किडा: रस्ता, पन्नास, शंभर, पायथा, चारही ठिकाणी वर्षभरात एकदाही नाही. माथा: रोज, स्पष्ट. पलीकडच्या उतारावरून.

हद्दीवर किडा ओरडत नाही! गावात ओरडतो, माथ्यावर ऐकू येतो, रस्त्यावर नाही. बावीस वर्षं ती बाई हेच सांगत होती.

"अका, थांब," मेल्विना म्हणाली. "हे आत्ताचं आहे. बावीस वर्षांपूर्वीचं मी नाही सांगू शकत."

"ते मी सांगते. त्या वर्षी काती संपल्या होत्या. तिने तेव्हाच सांगितलं होतं. माझी आई साक्षीला आहे!"

"आधी आंटीला एकटीला दाखवूया का?"

ती पोर शहाणी होती. मी नव्हते. मला सगळ्या गावासमोर हवं होतं. ज्या सभागृहात तिला खोटी ठरवलं तिथेच उभं राहून वाचायचं होतं. आणि खरं सांगते, त्याच कागदाने इस्टेटीचंही नाक कापायचं होतं. रविवारी चर्च सुटल्यावर मी गाव जमवलं. रुसियाला पुढे बसवलं. दणदणीत आवाजात वाचलं, एकेक पेला, एकेक कान. शेवटी म्हणाले, "इना रुसिया खोटं बोलली नव्हती. हद्दीवर सहा वाजतच नाहीत! वाजू दिले नाहीत!"

लोक उठले. माझी आई रडायला लागली: "हो, काती शोधत होती ती त्या वर्षी, मीच वेडी म्हटलं तिला." म्हातारा लोजुंगिन काठी टेकत पुढे आला आणि म्हणाला, "रुसिया, गावाने तुझा शब्द खोटा ठरवला. आता सोगित आम्ही देणार."

टाळ्या पडत होत्या. रुसिया उभी राहिली.

"जोस्लिन, माथ्यावरच्या कानात किडा आहे?"

"आहे की! स्पष्ट! पण खाली नाही, इना, तेच तर..."

"टोपली कुठे सापडली होती?"

टाळ्या एकेक करून थांबल्या, शेवटची एक उगाच पडली आणि लाजली.

लोजुंगिनच म्हणाला, हळूच. "माथ्यावर."

रुसिया खाली बसली. माझ्या आईने तोंडावर हात घेतला, आणि मला तेव्हा कळलं की मी काय वाचून दाखवलंय.

खाली रस्त्याकडे किडा नव्हता, म्हणून आईने निर्धास्त हाक मारली. वर माथ्यावर किडा ओरडत होता, म्हणून पोरीला ठाऊक होतं की आता जो आवाज येईल तो आईचा नाही. दोघी बरोबर होत्या. मध्ये हद्द होती.

मी तिला घरी सोडायला गेले. पायऱ्यांपाशी ती थांबली.

"मीच घोकून घेतलं होतं तिच्याकडून," ती म्हणाली. "आईचाच आवाज असला तर पळायचं. चांगली पोर होती. ऐकायची."

मी काही तरी बोलले. काय ते आठवत नाही, बरं आहे.

"ते सांबर नव्हतं गं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लोजुंगिन गावाचं डुक्कर घेऊन तिच्या दारी आला. तिने परत पाठवलं. मग स्वतः जाऊन खालच्या गावातून एक विकत आणलं, आणि बावीस वर्षं जे दिलं नाही ते दिलं. सगळे म्हणत होते आता गरज नाही.

"अगं, कोणाला देतेस हे?" माझ्या आईने विचारलं.

"तिला. मी उशिरा हाक मारली."

हद्दीच्या रस्त्यावर, टेकाडासमोर कापलं. सगळ्या गावाने तिथेच बसून खाल्लं. इस्टेटीच्या लॉऱ्या धूळ उडवत बाजूने जात होत्या. रुसियाने घास घेतला नाही.

मी सुधारले नव्हते. आठवड्याने तिच्याकडे गेले. म्हटलं, "इना, हे असं सोडायचं नाही. आपण फलक करू. वर्तमानपत्रात देऊ. रान मागे हटलं तर काय होतं ते जगाला कळू दे. तिचं नाव मोठ्या अक्षरात लिहू, त्यांच्या फाटकासमोर लावू."

"लिहिशील? तिचं नाव?"

"लिहीन."

"आणि लोक ते किती वाजता वाचतील, जोस्लिन?"

मी उठून आले. अर्जात मी किडे लिहिले, पेले लिहिले, मीटर लिहिले. हद्दीपासून तीनशे मीटर रान मोजून सोडा, असं लिहिलं. अर्ज कचेरीत आहे. उत्तर नाही. माझं डोकं तापलेलं आहे.

रुसियाचं काम मात्र चालू झालं. तिने माझं जुनं मनगटी घड्याळ मागून घेतलं. पामच्या खोडावर ठोका मारला तर उशीवर मारल्यासारखा लागतो, नाद नाही, आणि कडेची मोठी झाडं तर केव्हाच वाळून पडली. मग तिने लॉरीच्या चाकाची फुटकी लोखंडी रिंग मिळवली आणि टेकाडासमोर दोन खांबांत टांगली. रोज सहाला तीन ठोके देते. आमच्यात तीन ठोक्यांचा एकच अर्थ: मीच आहे, ये. मग वीस मिनिटं उभी राहते. ती कशाची वाट बघते हे मी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.

इस्टेटीचा एक नवा साहेब मोटारसायकलवरून आला होता. "आंटी, भुतं पळवताय की बोलावताय?"

"तुला पळवतेय. सहा वाजले. घरी जा, बायको वाट बघत असेल."

"मजूर घाबरतात ना."

मजूर कसले घाबरतात! फ्लोरेस बेटावरून कामाला आलेली ती माणसं आता तिच्या ठोक्यावर काम थांबवतात. त्यांच्या बायका तो ऐकला की पोरांना पाममधून घरी आणतात, हात धरून, नाव न घेता. त्यांची रीत वेगळी, देव वेगळा. पण कोणी सांगितलं नाही तरी शिकली.

गेल्या महिन्यात मी एकदा तिच्याबरोबर थांबले. तीन ठोके झाले. नाद टेकाडावर चढून पलीकडे उतरला. मग ती शांतता, मी कानाला लावून ऐकली होती तीच. आता तिच्या आत उभी होते. पाम घासत होते. उजेड रेंगाळत होता. रुसिया एक पाऊल पुढे झाली, मान किंचित तिरकी, जसं आत कोणीतरी हळू बोलतंय आणि शब्द लागत नाहीयेत. तेवढ्यात वळणावर लॉरी आली, चालकाने भोंगा दाबला आणि मागे राहिलेल्या गड्याला नाव घेऊन बोंब ठोकली. रुसियाने डोळे मिटले. लॉरी गेल्यावर घड्याळात पाहिलं. वीस मिनिटं संपली होती. त्या दिवसाचं झालं.

ती आता अडुसष्टची आहे, गुडघे गेलेत. तरी येते.

म्हणून एवढं करा. कधी या बाजूला आलात, आणि सहाच्या सुमाराला लाल रस्त्यावर एक बुटकी बाई लोखंडी रिंगेपाशी उभी दिसली, तर गाडी कडेला घ्या. इंजिन बंद करा. भोंगा नको, गाणी नकोत. तुमच्यातलं कोणी मागे पाममध्ये राहिलं असेल तर त्याला नावाने हाक मारू नका, येईल तो. वीस मिनिटं थांबा. तिला ऐकू द्या.